पालखीचा भोई आणि होडीचा तांडेल

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात विष्णुपुरी येथे केलेले भाषण)



यंदाच्या मेळाव्यात आपण कोणत्या विषयावर बोलणार, असे मंडळाच्या कार्यवाहांनी आम्हांस विचारले, तेव्हा 'हिवाळ्यातील समुद्र आणि भाड्याच्या होडीवरील मासेमारी' असे उत्तर आम्ही दिले. कार्यवाह क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचे आश्चर्य अस्थानी नव्हते. आपण गोदाकाठची माणसे. गंगामाईचे गोडे पाणी, तिच्या डोहातील मरळ आणि वाम, उन्हाळ्यात तिच्या वाळवंटात पिकणारी टरबुजे, एवढा आपला संसार. खारे पाणी आपल्यापैकी कित्येकांनी डोळ्यांनीही पाहिलेले नाही. असे असता एका सेवानिवृत्त शिक्षकाने काळेश्वराच्या पायथ्याशी उभे राहून मालवणच्या समुद्राची कथा का सांगावी? या प्रश्नाचे उत्तर भाषणाच्या अखेरीस आपणांस मिळेल, अशी आम्ही उमेद बाळगतो. तोवर थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

विषयाचा उगम आपल्याच सभेत झाला आहे. मागील एका बैठकीत आपल्या दहाबारा तरुणांनी मंडळापुढे एक अर्ज ठेवला होता, हे आपणांस स्मरत असेल. विष्णुपुरीचा शंकरसागर जलाशय आपल्या दारात आहे. काळेश्वराच्या दर्शनास येणारी मंडळी आहेत, विद्यापीठ आणि अभियांत्रिकी महाविद्यालय यांमुळे बाहेरगावचे विद्यार्थी व त्यांचे पालक येथे येतात, नांदेडास गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास येणारे यात्रेकरू तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून येतात. यांपैकी ज्यांस पाण्याची व गळाने मासे धरण्याची हौस असेल त्यांस आपल्या होडीतून न्यावे, ठरावीक भाडे घ्यावे आणि त्यावर संसार चालवावा, असा त्या अर्जाचा आशय होता.

त्या अर्जास विरोध झाला. एका वृद्ध सभासदांनी उठून विचारले, "आपल्या बापजाद्यांनी खांद्यावर पालख्या वाहिल्या. पाटील, देशमुख, जहागीरदार आत लोडाला टेकून बसत आणि आपण उन्हातान्हात अनवाणी धावत असू. ती पालखी मोठ्या कष्टाने खांद्यावरून उतरविली. आता पुन्हा पैसेवाल्यांस होडीत बसवून फिरवावयाचे, म्हणजे पालखी पाण्यात घालावयाची, एवढेच ना?" सभेत शांतता पसरली. 'दुसऱ्याच्या पालखीचे भोई' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत हिणविण्यासाठी वापरतात आणि तो ऐकताना आपल्या मुलांची मान खाली जाते, हे आम्ही वर्गात अनेकदा पाहिले आहे. त्या दिवशी विरोधाच्या बाजूने बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. अर्ज बाजूस ठेवावा, असा ठराव आमच्याच हस्ताक्षरात लिहिलेला आहे. आज त्या ठरावाविषयी बोलण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आमच्या विरोधास पालखीखेरीज आणखीही एक कारण होते. ते आम्ही सभेत सांगितले नव्हते, आज सांगतो. आम्ही आठनऊ वर्षांचे असू, म्हणजे १९७० च्या सुमाराची ही गोष्ट. त्या काळी आजच्यासारखे पूल नव्हते. आमचे वडील आणि चुलते उतारूंस नावेने पैलतीरी नेत. भाद्रपदातील एका दुपारी गंगा दुथडी भरून चालली होती. पाण्यावर झाडांची खोडे वाहत येत होती. नाव बाहेर काढण्याचा तो दिवसच नव्हता. एक बडे गृहस्थ काठावर आले आणि त्यांनी आताच्या आता पैलतीरी पोहोचविण्याचा हुकूम केला. चुलत्यांनी पाण्याकडे पाहिले, त्या गृहस्थांकडे पाहिले आणि मुकाट्याने वल्हे उचलले. जाताना नाव सुखरूप गेली. ते गृहस्थ उतरून आपल्या वाटेने निघून गेले. रिकामी नाव परत येत असता मध्यप्रवाहात एका ओंडक्यावर आदळली. नाव दुसऱ्या दिवशी खालच्या गावी सापडली. चुलते तिसऱ्या दिवशी. पुढे कित्येक वर्षे आमची आजी एकच वाक्य बोलत असे : "त्याला नाही म्हणता आलं नाही." उताऱ्याचे पैसे घेऊन होडी चालविणे म्हटले की, आम्हांस ते वाक्य आठवते. आमच्या विरोधाचे मूळ तेथे होते.

ठराव झाला, तरी तरुण मंडळी गप्प बसली नाहीत. त्यांच्यापैकी एकाने मालवणास दोन हंगाम होडीवर काम केले होते. तो घरी येऊन म्हणाला, "गुरुजी, एकदा डोळ्यांनी पाहा आणि मग नाही म्हणा." आयुष्यभर मुलांस 'पाहून लिहा, ऐकून लिहू नका' असे सांगणाऱ्या शिक्षकास याला उत्तर देता येईना. म्हणून जानेवारी २०२५ मध्ये, पौष महिन्यात, दोन वडीलधारे सभासद, दोन तरुण आणि आम्ही असे पाच जण स्वखर्चाने निघालो. पालखीचा प्रश्न विचारणारे आजोबाही बरोबर होते. नांदेडहून लातूर, सोलापूर, कोल्हापूर आणि मग फोंडा घाट उतरून कणकवलीमार्गे मालवण, असा एस. टी.चा प्रवास झाला. निघालो तेव्हा पहाटेच्या थंडीने दात वाजत होते आणि अंगावर स्वेटर व वर शाल होती. मालवणास उतरलो, तेव्हा शाल पिशवीत गेली होती.

हा फरक का पडतो, हे येथील विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे. जमीन लवकर तापते आणि लवकर निवते. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. समुद्र ही तर पाण्याची अफाट रास. त्यामुळे आपल्या मराठवाड्यात पौषाच्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरत असता कोकणच्या समुद्राचे पाणी २६ ते २८ अंशांच्या दरम्यान राहते. होडीत बसल्यावर आम्ही पाण्यात हात घातला, तो ते चक्क कोमट लागले. आपल्या जलाशयात हिवाळ्यात पाणी गार पडले की कटला आणि रोहू यांचे खाणे मंदावते व ते गळास सहसा तोंड लावीत नाहीत. समुद्रातील मासा मात्र ऐन हिवाळ्यात उत्साहात असतो.

हिवाळा हाच तेथील हंगाम असण्याची आणखीही कारणे आहेत. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा दर्या खवळून टाकतो. शिवाय तो काळ अनेक माशांच्या विणीचा असल्यामुळे १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण केला की नव्या हंगामास आरंभ होतो. पावसाळ्यात खोल थरांतील पोषक द्रव्ये वर येतात, त्यांवर सूक्ष्म जीव वाढतात, त्यांवर तारली व बांगडा पोसतात आणि त्यांच्या झुंडींमागे सुरमई येते. कार्तिकापासून माघापर्यंत आकाश निरभ्र असते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मंद वारा वाहतो; भूगोलाच्या पुस्तकात ज्यांस आपण मतलई वारे म्हणतो, ते हेच. दुपारी वारा फिरतो आणि समुद्रावरून जमिनीकडे खारा वारा सुरू होतो. म्हणून पहाटे निघावयाचे आणि माध्यान्हीच्या आत परतावयाचे, हा तेथील रिवाज आहे.

आता होडीविषयी. आमची होडी फायबरची असून तिच्या पाठीमागे इंजिन बसविलेले होते. होडी चालविणाऱ्यास तेथे तांडेल म्हणतात. आमचे तांडेल पन्नाशीचे, गाबीत समाजाचे, अंगाने सडसडीत आणि बोलण्यास मोजके होते. त्यांचे वडील व आजोबा रापणकर होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून लांबच लांब जाळे समुद्रात सोडून दोन्ही टोकांनी अनेक माणसांनी ते ओढून घेण्याची पद्धत. ज्याचे जाळे, ज्याचा दोर, ज्याचे श्रम, त्याप्रमाणे मासळीचे वाटे पडतात. यांत्रिक पर्ससीन जाळ्यांनी समुद्र खरवडला जाऊ लागल्यावर या पारंपरिक मच्छीमारांनी वर्षानुवर्षे दाद मागितली आणि महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले. एवढ्याने त्यांचे सर्व दुःख फिटले असे नव्हे. तथापि पाण्यावरील आपला हक्क संघटित होऊन मागावा लागतो, हा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा आहे. आमच्या तांडेलांनी रापणीतील वाटा सोडलेला नाही. हिवाळ्याच्या सुटीत पाहुणे येतात, तेवढ्या दिवसांत ते त्यांस गरवावयास नेतात. गळास तेथे गरी म्हणतात आणि गळाने मासे धरणे म्हणजे गरवणे.

होडीचे भाडे आदल्या रात्रीच ठरले. येथे एक बारीकशी, परंतु महत्त्वाची गोष्ट आमच्या ध्यानात आली. भाडे माणशी नव्हते. ते सबंध होडीचे होते. दोघे बसा की सहा बसा, रक्कम तीच. त्यामुळे आणखी दोन डोकी कोंबून चार पैसे जास्त मिळविण्याचा मोह तांडेलास होत नाही. आमच्यातील एकाने वाटेत भेटलेल्या दोन यात्रेकरूंस बरोबर घेण्याविषयी विचारले. तांडेलांनी मान हलविली आणि विषय संपला. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात हा धंदा फार मोठा आहे. तेथे उत्तरेकडील हिमवर्षावास कंटाळलेले लोक हिवाळ्यात उबदार किनाऱ्यावर येतात आणि होडी भाड्याने घेऊन समुद्रात गरवितात. त्या देशात अशा लहान नौकेचा नाखवा परवानाधारक असावा लागतो आणि साध्या परवान्यावर सहांहून अधिक उतारू घेता येत नाहीत. गरविण्याच्या छंदास शिस्त लावण्याचे काम तेथे जुनेच आहे. कॅलिफोर्निया प्रांतातील कॅटलिना बेटावर १८९८ मध्ये हौशी मंडळींनी एक क्लब स्थापून बारीक दोरीने व सरळ मार्गाने मासा धरण्याचे नियम घालून दिले. आपल्याकडेही मुंबईत पवईच्या तलावावर गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांची संस्था पुष्कळ वर्षांपासून आहे. तात्पर्य, हा छंद नवा नव्हे आणि हलकाही नव्हे.

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. प्रथम प्रत्येकास तरंगते जाकीट घालावयास लावले. आजोबांनी कुरकुर केली, "मला पोहता येतं, मी गंगेत वाढलो." तांडेल म्हणाले, "माकाही पोवता येता." आणि त्यांनी स्वतःचे जाकीट बांधून दाखविले. आजोबांनी निमूटपणे हात पुढे केले. पौर्णिमा होऊन पाचसहा दिवस झाले होते. उधाण ओसरले होते आणि आभाळात अजून चंद्र होता. डाव्या अंगास सिंधुदुर्ग किल्ल्याची काळी रेघ दिसत होती. शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याचा पाया घातला, तो हा किल्ला. त्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. "हय गरी टाकूची नाय," एवढे सांगून तांडेलांनी होडी बाहेर काढली.

किनाऱ्यापासून चारपाच मैलांवर, दहाबारा वाव पाण्यात, खडकाळ तळावर होडी थांबली. जागा कशी ओळखलीत, असे आम्ही विचारले. मागील डोंगराचे एक शिखर आणि किनाऱ्यावरील एक खूण एका रेषेत आणावयाची. दुसरीकडे किल्ल्याचा बुरूज आणि माडांचा एक घोळका एका रेषेत आणावयाचा. त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे खडक. आम्ही तीस वर्षे मुलांस भूमिती शिकविली, परंतु दोन रेषांच्या छेदनबिंदूचा इतका सुंदर उपयोग आम्ही कधी फळ्यावर दाखविला नव्हता. त्यांच्याजवळ उपग्रहाच्या साहाय्याने जागा दाखविणारे यंत्रही होते. ते त्यांनी पडताळ्यासाठी पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवले.

तंगुसाच्या दोरीस शिशाचे वजन, खाली गरी आणि गरीस कोळंबीचा तुकडा. वजन तळास टेकले की हातभर वर घ्यावयाचे आणि दोरी बोटावर धरून वाट पाहावयाची. गळाचे काम आपणांस नवे नाही, अशा समजुतीत आम्ही होतो. पहिली तीन आमिषे माशांनी फुकट खाल्ली. चौथ्या वेळी तांडेलांनी आमच्या बोटाशेजारी आपले बोट ठेवले आणि "आता" म्हणाले. झटका दिला. वर आला तो लालसर तांबोसा. पाठोपाठ आजोबांच्या गरीस गोबरा लागला. वीतभराचाही नव्हता. आजोबा तो टोपलीत टाकणार, तोच तांडेलांनी हळूच गरी सोडवून तो पाण्यात सोडून दिला. आजोबा रागावले नाहीत. त्यांनीही आयुष्यात पोटात अंडी असलेली मासळी किती वेळा सोडून दिली असेल, हे त्यांचे त्यांस ठाऊक.

नंतर नांगर उचलून होडी मंद गतीने चालू ठेवली आणि पाठीमागे लांब दोरीवर चकाकणारे खोटे आमिष सोडले. हे सुरमईसाठी. सुरमई धावत्या भक्ष्यावर झेप घेते. तासाभराने दोरी एकदम ताणली गेली. आमच्या तरुण सोबत्याने ती ओढावयास आरंभ केला. पंधरा मिनिटे तो आणि मासा एकमेकांस ओढीत होते. दीड हात लांबीची, रुपेरी अंगाची सुरमई होडीत आली, तेव्हा आम्ही लहान मुलांप्रमाणे टाळ्या वाजविल्या. दरम्यान आमच्या दुसऱ्या वडीलधाऱ्या सोबत्यास बोट लागली होती. ते बिचारे काठ धरून बसले होते आणि सुरमईकडे पाहण्याचीही त्यांची इच्छा नव्हती. तांडेलांनी त्यांस दूर क्षितिजाकडे पाहत राहावयास सांगितले. त्याने बराच आराम पडला.

आता ज्या प्रसंगासाठी हे सर्व सांगितले, त्याकडे वळतो. दहा वाजून गेले होते. एक सुरमई मिळाल्यामुळे आमची हाव वाढली होती. आणखी बाहेर मोठी सुरमई आहे, असे आम्ही ऐकले होते. आम्ही स्वतः तांडेलांस म्हणालो, "आणखी दोन मैल पुढे जाऊ. भाडे वाढवून देऊ." तांडेलांनी वायव्येकडे पाहिले. तिकडे पाण्यावर एक काळसर रेघ उमटली होती. आम्हांस ती दाखविल्यावाचून दिसली नसती. ते म्हणाले, "गुरुजीनू, आता फुडे जावचा नाय." आम्ही पुन्हा रक्कम सांगितली, अधिक सांगितली. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी होडीचे तोंड किनाऱ्याकडे वळविले.

बंधुभगिनींनो, त्या क्षणी आम्ही कोणाच्या जागी होतो, हे आमच्या ध्यानात यावयास किनारा यावा लागला. १९७० च्या त्या भाद्रपदात काठावर उभे राहून 'आताच्या आता ने' म्हणणाऱ्या गृहस्थांच्या जागी आम्ही होतो. खिशात पैसे होते, पाण्याचे ज्ञान नव्हते आणि हुकूम करण्याची घाई होती. आणि समोर वल्हे हाती असलेला माणूस होता. फरक इतकाच की, या माणसास नाही म्हणता आले.

आपणांस वाटेल की, मागाहून मोठे वादळ झाले असेल. तसे काही झाले नाही. वारा वाढला, लाटांस फेस आला, अंगावर थोडे तुषार उडाले आणि आम्ही साडेअकराला किनाऱ्यास लागलो. कदाचित पुढे गेलो असतो तरी सुखरूप परत आलो असतो. मग तांडेलांचे चुकले काय? मुळीच नाही. संकट आले नाही म्हणून नकार चुकीचा ठरत नाही. दहा वेळा नाही म्हणावे, तेव्हा अकराव्या वेळी जीव वाचतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी अचानक सुटलेल्या वाऱ्याने उलटली आणि सहा जीव गेले. तो समुद्र नव्हता. आपल्या जलाशयासारखाच धरणाचा जलाशय होता. गोड्या पाण्यात लाट उठत नाही, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

त्या संध्याकाळी खाणावळीत आपलीच सुरमई जेवताना आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "पालखीत बसणारा सांगेल तिकडे भोयानं जायचं. इथं होडीत बसणाऱ्याला तांडेल सांगेल तिकडे जावं लागलं. ही पालखी नव्हं." आम्ही चार तास बोलून जे सांगू शकलो नसतो, ते आजोबा दोन वाक्यांत बोलून गेले. पालखीच्या भोयाचा कमीपणा दुसऱ्यास वाहून नेण्यात नव्हता. आगगाडीचा चालक हजारो माणसे वाहून नेतो, त्यास कोणी हलका मानीत नाही. भोयाचा कमीपणा 'नाही' म्हणण्याचा अधिकार नसण्यात होता. जेथे हा अधिकार आहे, तेथे मोबदला घेऊन केलेले काम ही विद्या आहे. जेथे तो नाही, तेथे ती वेठ आहे.

म्हणून आमच्याच हस्ताक्षरातील तो ठराव मंडळाने मागे घ्यावा, अशी विनंती करण्यास आम्ही उभे आहोत. मात्र ती विनंती सशर्त आहे आणि त्या शर्ती आपण नीट ऐकून घ्याव्यात.

पहिली शर्त अशी की, होडी आपली असावी. बाहेरच्या धनिकाने होड्या आणाव्यात आणि आपल्या मुलांनी रोजावर वल्ही मारावीत, असे झाल्यास ती पुन्हा पालखीच होईल. मालकाची नोकरी करणाऱ्यास नकार देता येत नाही. चारपाच घरांनी मिळून एक होडी घ्यावी आणि रापणीप्रमाणे वाटे ठरवावेत. न्याहारी व जेवण यांचे काम आपल्या भगिनींनी हाती घ्यावे आणि त्यांचा वाटा वेगळा लिहावा. तो पुरुषांच्या वाट्यात मिसळू नये.

दुसरी शर्त कायद्याची. देशात २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे. नोंदणी, तपासणी, विमा यांविषयी जे नियम आपल्या होड्यांस लागू असतील ते पाळल्यावाचून आणि पाटबंधारे खात्याची परवानगी लेखी घेतल्यावाचून एकही होडी पाण्यात घालू नये. जलाशयातील मासळीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल, तिच्या संमतीवाचून गळही टाकू नये. विणीच्या काळात मासे धरू नयेत आणि लहान मासा सोडून द्यावा.

तिसरी शर्त सुरक्षिततेची. भाडे होडीचे घ्यावे, माणशी नव्हे. होडीत किती माणसे बसणार, तो आकडा होडीच्या अंगावर मोठ्या अक्षरांत रंगवावा. प्रत्येकाच्या अंगात जाकीट असावे, होडी चालविणाऱ्याच्या अंगात सर्वांत आधी. पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडतात, तेव्हा वरील पाण्यास जी ओढ लागते ती वल्ह्याने आवरत नाही. त्या दिवसांत होडी काठावर पालथी घालून ठेवावी. आणखी एक. हेच पाणी नांदेड शहर पिते आणि याच पाण्यावर लोहा-कंधारकडील शेते भिजतात. तेव्हा तेलाचे इंजिन नको. वल्ही किंवा विजेवर चालणारे यंत्र असावे.

चौथी शर्त आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. प्रत्येक होडीवर एक पाटी असावी : 'होडीवाल्याचा शब्द अखेरचा राहील.' आणि ज्या दिवशी आपला एखादा तरुण वारा पाहून उतारूंस नाही म्हणेल आणि त्याचे त्या दिवशीचे भाडे बुडेल, त्या दिवशीचे भाडे मंडळाच्या निधीतून त्यास द्यावे. नकार देणे परवडले पाहिजे. ज्याच्या घरी संध्याकाळी चूल पेटण्याची चिंता आहे, त्यास केवळ उपदेशाने नाही म्हणता येत नाही. आमच्या चुलत्यांस पाण्याचे ज्ञान आमच्या तांडेलांइतकेच होते. उणे होते ते पाठीशी उभे राहणाऱ्या माणसांचे. ते काम या मंडळाचे आहे. या निधीत पहिली रक्कम म्हणून आम्ही आमचे एक महिन्याचे निवृत्तिवेतन आज अध्यक्षांच्या हाती देत आहोत. ती चुलत्यांच्या नावाने जमा करावी.

सभेतील मुलांस आणि मुलींस शेवटचे सांगणे. 'भोई' हा शब्द कोणी हिणवून उच्चारला, तर मान खाली घालू नका. पाण्याची खोली, वाऱ्याची दिशा आणि माशाची चाल ओळखणे ही शंभर पिढ्यांची विद्या तुमच्या रक्तात आहे. शाळा शिका, पोहावयास शिका आणि योग्य वेळी नाही म्हणावयास शिका.

 गंगामाई आपणां सर्वांस सुखरूप तीरास लावो, अशी प्रार्थना करून आम्ही रजा घेतो.